निरोप पोहोचतो, मने जुळतात का?



या सत्रात नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक प्रश्न लिहिला : मोबाइलवरच्या निरोपांमुळे समाज जुळतो की तुटतो? उत्तरे दोन्ही बाजूंनी आली. पुण्याची आत्या आता रोज बोलते, रक्त हवे असले तर लवकर दाता मिळतो, असे काहींनी सांगितले. काही म्हणाले की घरात चार माणसे चार मोबाइलवर असतात, आणि निवडणुकीच्या वादावरून काका कुटुंबाच्या ग्रुपमधून निघून गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून हा विषय थोडा नीट समजून घेऊ या.

गाठ आणि पूल

अमेरिकेतील अभ्यासक रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात समाजातील संबंधांचे दोन प्रकार सांगितले. पहिला, आपल्यासारख्याच माणसांना घट्ट बांधणारा. दुसरा, आपल्याहून वेगळ्या माणसांपर्यंत पोहोचणारा. पहिल्याला आपण गाठ म्हणू, दुसऱ्याला पूल. समाजाला दोन्ही लागतात.

२००९ मध्ये सुरू झालेले व्हॉट्सॲप मुळात गाठीचे साधन आहे. ज्याचा नंबर आपल्याजवळ असतो, सहसा त्यालाच आपला निरोप जातो. त्यामुळे नातेवाईक, सोसायटी, जुने वर्गमित्र यांचे ग्रुप चटकन होतात. पूल मात्र आपोआप होत नाही, तो बांधावा लागतो.

एकाच वर्षातील दोन घटना

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरली होती. आपली मुले वाचवायची म्हणून लोक एकवटले. म्हणजे एकी होती, परंतु समोरच्या अनोळखी माणसाचे ऐकून घेण्याची सवड कोणी ठेवली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला. तेथे अडकलेल्या लोकांचा ठावठिकाणा याच व्हॉट्सॲपवरून पुढे गेला आणि अनोळखी माणसे मदतीला धावली. साधन एकच होते. त्या निरोपांत पत्ता होता, मदत कोणाला हवी हे विचारता येत होते. राईनपाड्याच्या अफवेला पत्ताच नव्हता.

कंपनीने जुलै २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. मात्र २०१६ पासून येथील निरोप पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतात. वाटेत पाकीट उघडून पाहणारा कोणी नाही. तेव्हा खोटा निरोप थांबवणे हे शेवटी आपल्याच हातात आहे.

आपल्या गावाकडे पाहू

इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीच्या झांक्या कापड गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केल्या. गिरण्या बंद पडल्या, तरी झांक्या निघतात. त्या पाहायला रात्रभर रस्त्यावर उभे राहणाऱ्यांना कोणी भाषा किंवा जात विचारत नाही. हा पूल मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे.

आपण मराठी माणसे होळकरांच्या काळापासून येथे राहतो. आपले मराठी ग्रुप अवश्य असावेत, त्यांनी आपली भाषा घरात टिकते. परंतु गणपतीच्या आरतीचा निरोप भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मालवी किंवा सिंधी शेजाऱ्यांना जातो का, हेही आपण पाहिले पाहिजे. ग्रुपमध्ये ते नसतील, तर दारावर जाऊन सांगावे.

कृती

१. घरातील मोठ्यांसोबत बसून त्यांच्या ग्रुपची यादी करा. कोणते गाठीचे, कोणते पुलाचे, ते लिहा.
२. पुढे पाठवलेला एखादा निरोप निवडा. तो मूळ कोणी, कधी, कोठून पाठवला हे शोधा. सापडले नाही, तर तो पुढे पाठवू नका.
३. ज्या शेजाऱ्यांचा नंबर घरात कोणाकडेच नाही, अशा एका घरी पालकांसह जाऊन या.

उत्तरे वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवावीत. तिसऱ्या कृतीचे लेखन आम्ही स्वतः वाचणार आहोत.