रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणे

एमडी म्हणजे मेफेड्रोनची नशा सोडून मला एकोणीस महिने झाले. तरी भावकीत चर्चा एकच, ‘एमआरआय नॉर्मल आलाय, पोरगं सोंगं करतंय.’ म्हणून लिहितोय.

बीडला आमचं खता-बियाण्याचं दुकान. जूनची गर्दी. एका मामानं सांगितलं, ‘सोयाबीनच्या दोन बॅगा अन् एक डीएपी दे.’ गोडाऊन दहा पावलांवर. आत गेलो अन् डोकं कोरं. परत येऊन विचारलं, परत गेलो, परत कोरं. तिसऱ्यांदा मामा म्हणाला, ‘राहू दे लेकरा,’ अन् अण्णांकडं बघितलं. अण्णा खाली मान घालून पावती फाडत राहिले.

पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या रूमवर पार्टनरनं एमडीची पुडी दिली होती. ‘रातभर वाच, झोप येत नाही.’ ती आजही धड येत नाही. हाच गडी दिवाळीत भेटला तर म्हणतो, ‘तुझ्या नाकात मी घातली का?’ वर चहाचे पैसेही मलाच द्यायला लावले.

डॉक्टरांनी मला पाच आकडे उलटे म्हणायला लावले, तिसऱ्यालाच अडकलो. मेफेड्रोन मेंदूतलं डोपामिन, सेरोटोनिन विहीर उपसावी तसं उपसतं, अन् अंमल दोन-तीन तासांत उतरला की परत ओढ लागते. एमआरआयला गाठ दिसते, रक्तस्राव दिसतो. आठवण कशी चालते ते दिसत नाही. चुलत्यांनी हे वाचावं.

डॉक्टरपुढं लाजू नका. मी मेडिकलवरून आणलेल्या झोपेच्या गोळ्या लपवल्या, त्यात चार महिने वाया गेले. त्या गोळ्याही आठवण खातात. अंबाजोगाईला स्वाराती या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर, फुकट लागतो. पोलिसांच्या भीतीनं घरात बसू नका. 2015 पासून मेफेड्रोन एनडीपीएस कायद्यात आहे, पण त्याच कायद्याचं 64ए कलम थोड्या मालासह सापडलेल्या अन् आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सूट देतं. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. वकिलाला विचारा. बाकी पोरांची संगत बघा वगैरे सगळेच सांगतात; आमच्या घरीही सांगायचे.

आता गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी पावतीच्या मागं लिहून घेतो. अण्णांनी काउंटरला सुतळीनं पेन बांधून ठेवलाय. बोलले काहीच नाहीत.