बिलाची तारीख आणि कराचा दर : कोणता आकडा बदलावा, कोणता नाही

आमच्या उंद्रीसारख्या गावातही आता बिले संगणकावर होऊ लागली आहेत. एक्सेलमध्ये तयार फंक्शने असतात. चौकटीतला आकडा ती आपणहून भरतात. सोय मोठी, पण कोणता आकडा त्यांच्या हवाली करायचा हे आपणच ठरवायचे.

बिलाच्या तारखेत ‘टुडे’ कधीच घालू नये. १० ऑक्टोबर २०२५ चे बिल २४ नोव्हेंबरला उघडले तर त्यावर २४ नोव्हेंबरच दिसेल. गिऱ्हाईक म्हणेल, उधारी तर आजचीच आहे! कंट्रोल व अर्धविराम ही बटणे एकत्र दाबून घातलेली तारीख कायम राहते. ‘टुडे’ची खरी जागा उधारीच्या रकान्यात. आजच्या तारखेतून बिलाची तारीख वजा केली की त्या दिवशी ४५ दिवस दिसतील, दुसऱ्या दिवशी ४६.

कराचा दर ‘इफ’ने काढावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगाला २५०० रुपयांपर्यंत जीएसटी ५ टक्के, त्यावर १८. त्याआधी हद्द १००० ची होती, वर १२ टक्के. जुनेच सूत्र राहिले तर १८०० च्या कुर्त्यावर गिऱ्हाइकाकडून १२६ रुपये जादा घेतले जातात. सूत्र बदलले तर त्याच पानावरची जुनी बिलेही नव्या दराने मोजली जातात आणि भरलेल्या रिटर्नशी मेळ बसत नाही. म्हणून जुने आकडे आधी कॉपी करून त्याच जागी ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने पक्के करावेत, नाहीतर ‘इफ’मध्ये बिलाची तारीखही तपासावी. आम्ही पहिलाच मार्ग धरला. दुकानातल्या पोरांना तो चटकन समजतो.