फाइल चढली, पण अर्धी

"मॅडम, तुम्ही सर्व्हर बदलला आणि आमच्या फाइली चढायच्या बंद झाल्या." पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पतसंस्थेच्या सचिवांचं हे वाक्य त्या प्रोग्रॅमरच्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. संस्थेचं कर्जप्रकरणांचं सॉफ्टवेअर तिने लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणारी कंपनी काम सोडून गेली आणि देखभाल हिच्याकडे आली. जुना सर्व्हर बंद होणार होता म्हणून तिने डेटाबेस मायएसक्यूएल ५.५ वरून ८.० वर आणला. तिचा हात त्या यंत्रणेला लागला तो एवढाच. त्या दिवसापासून सातबारा, पगारपत्रक, जामीनदाराची कागदपत्रं चढवताना स्क्रीनवर त्रुटी यायला लागली: माहिती या रकान्यात मावत नाही.

लहान फाइली मात्र बिनबोभाट चढत होत्या, आणि त्यामुळे संशय तिच्यावरच पक्का झाला. आधी मोठ्या फाइलीही चढायच्या, असं क्लार्कपासून सचिवांपर्यंत सगळे ठामपणे सांगत होते. ते खोटं बोलत नव्हते. जुन्या सर्व्हरवर 'फाइल जतन झाली' हा हिरव्या अक्षरांतला संदेश खरोखरच यायचा. जुन्या कंपनीला विचारलं तर एका ओळीचं उत्तर आलं की, आम्ही काम सोपवलं तेव्हा सिस्टिम व्यवस्थित चालू होती. सचिवांनी ते उत्तर छापून फाइलला लावलं.

मग तिने साठवलेल्या सगळ्या फाइलींची लांबी काढली आणि यादी चढत्या क्रमाने लावली. सुरुवातीला आकडे वेगवेगळे होते, चाळीस हजार, बावन्न हजार, एकसष्ट हजार बाइट. पुढे ६५,५३५ आलं. त्याखाली ६५,५३५. त्याच्याही खाली तेच. ती यादी सरकवत राहिली, आणि पानामागून पान एकच आकडा. वेगवेगळ्या माणसांची, वेगवेगळ्या दिवशी स्कॅन केलेली कागदपत्रं एका बाइटचाही फरक न पडता सारख्या लांबीची निघूच शकत नाहीत. ६५,५३५ म्हणजे दोन बाइटांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या. हा आकडा पाहिला की कुठल्याही प्रोग्रॅमरच्या पोटात गोळा येतो.

मायएसक्यूएलमध्ये 'ब्लॉब' नावाच्या रकान्यात फाइलची लांबी नोंदवायला दोनच बाइट असतात, म्हणून त्यात जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट मावतात. 'मीडियमब्लॉब'मध्ये १,६७,७७,२१५ बाइट, म्हणजे सुमारे १६ एमबी, आणि 'लाँगब्लॉब'मध्ये ४ जीबी. जुन्या कंपनीने नुसता 'ब्लॉब' निवडला होता. आता ५.५ आवृत्तीची मुळातली सेटिंग अशी की, रकान्यात न मावणारी माहिती आली तर मावेल तेवढी ठेवायची, बाकीची कापून टाकायची आणि एक इशारा नोंदवायचा. तो इशारा प्रोग्रॅमने विचारला तरच कळतो, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेही तो विचारलेला नव्हता. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ पासून 'स्ट्रिक्ट मोड' मुळातच चालू असतो. त्यात माहिती मावत नसेल तर नोंद नाकारली जाते. म्हणजे नव्या सर्व्हरने काहीही बिघडवलं नव्हतं. वर्षानुवर्षं चाललेली कापाकापी त्याने पहिल्याच दिवशी थांबवली, आणि बोल मात्र तिला लागला.

काउंटरवर एक सूचना चिकटवलेली होती: '१ एमबीपेक्षा मोठी फाइल चढवू नये.' ५.५ मध्ये सर्व्हर एका वेळी स्वीकारतो त्या पॅकेटची मुळातली मर्यादा १ एमबी असते. त्या मर्यादेपाशी जुन्या कंपनीची माणसं अडली होती, आणि ती सोडवण्याऐवजी त्यांनी भिंतीवर कागद लावला. एक मर्यादा आडवी आल्यावर दुसरीही असू शकेल, चढवलेली एखादी फाइल उतरवून उघडून बघू, हा विचार कुणीच केला नाही. तिचा खरा राग इथे आहे. पाच मिनिटांचं काम होतं.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? पतसंस्थेत मूळ कागद कपाटात असतो आणि लेखापरीक्षक तोच बघतात. स्कॅन चढवलं की क्लार्कचं काम संपतं, ते पुन्हा कुणी उघडत नाही. उघडण्याची वेळ आली ती एका थकीत कर्जाच्या प्रकरणात, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज करताना. कपाटातला गठ्ठा सापडत नव्हता म्हणून संगणकातली प्रत उघडली, आणि ती उघडेना.

कापलेल्या फाइलीतून काय वाचतं हे फाइलच्या प्रकारावर ठरतं. जेपीजी चित्राचा वरचा भाग दिसतो आणि खाली राखाडी पट्टा येतो, म्हणजे कर्जदाराचा फोटो दिसेल पण खालची सही नाही. पीडीएफमध्ये कुठली गोष्ट कुठे आहे याची अनुक्रमणी सहसा शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं की वाचक प्रोग्रॅम 'फाइल खराब आहे' म्हणतो. दुरुस्तीची साधनं वापरून सुरुवातीचं एखादं पान कधीकधी निघतं. वर्डची डॉकएक्स फाइल तर मुळात झिप असते आणि झिपची यादीही शेवटीच. तिथे सरळ मार्गाने हाती काही लागत नाही.

तिने संचालकांसमोर प्रात्यक्षिक दाखवलं. जुन्या डेटाबेसची प्रत चालू केली, एक मोठी पीडीएफ चढवली, हिरवा संदेश सगळ्यांना दाखवला, मग तीच फाइल उतरवून लांबी वाचून दाखवली. माना हलल्या. आणि त्यानंतर सचिव म्हणाले, "ते ठीक आहे, पण आधी चालत तर होतं ना?" फाइली पुन्हा स्कॅन होईपर्यंत तिचं बिल रोखलं गेलं. कुठल्या सभासदाची कुठली कागदपत्रं तुटली आहेत याची यादी तिने काढून दिली, पैसे न घेता. जुन्या कंपनीला मात्र कुणी साधं पत्रही लिहिलं नाही.

तेव्हापासून ती भेटेल त्या प्रोग्रॅमरला काही गोष्टी सांगते.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की, फाइली डेटाबेसमध्ये ठेवायच्याच कशाला, डिस्कवर ठेवाव्यात. यावर तिचं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. फाइल आणि तिची नोंद एकाच व्यवहारात जतन होते, दोन्हींची ताटातूट होत नाही आणि बॅकअप एकच घ्यावा लागतो. लहान संस्थेला हे सोयीचं आहे. जिम ग्रे, म्हणजे १९९८ च्या ट्युरिंग पुरस्काराचे मानकरी, आणि त्यांचे मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले सहकारी यांनी २००६ मध्ये हा प्रश्न मोजून तपासला होता. एसक्यूएल सर्व्हर आणि विंडोजची फाइल व्यवस्था यांची तुलना करून ते म्हणाले की, २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये चांगल्या राहतात, १ एमबीपेक्षा मोठ्या डिस्कवर, आणि मधल्यांचं वापरावर अवलंबून. आकडे त्या काळच्या यंत्रांचे आहेत, पण दिशा अजून उपयोगी पडते. एकेक पानाचा सातबारा आणि शंभर पानांचा मूल्यांकन अहवाल यांना एकच नियम लावायचं कारण नाही.

डेटाबेसमध्ये ठेवायचंच असेल तर फाइलींचा तक्ता वेगळा करावा. नोंदींच्या तक्त्यातच फाइल ठेवली आणि प्रोग्रॅमने सगळे रकाने मागवले की पन्नास सभासदांची नुसती यादी दाखवायलाही पन्नास फाइली ओढल्या जातात. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 'बाइटए' रकान्याची मर्यादा १ जीबी आहे, पण मजकूर स्वरूपातल्या बॅकअपमध्ये प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे आकार दुप्पट होतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फाइल चढताना तिची लांबी आणि एसएचए-२५६ ठसा वेगळ्या रकान्यांत नोंदवणं. जतन झाल्यावर फाइल परत वाचावी, ठसा पुन्हा काढावा आणि जुळला तरच हिरवा संदेश द्यावा. रात्री थोड्याथोड्या जुन्या फाइलींचीही अशीच तपासणी करणारं एक काम लावून ठेवावं. हे जुन्या कंपनीने केलं असतं तर पहिल्याच मोठ्या फाइलीला सगळं कळलं असतं.

फाइल दाखवण्याची बाजू त्याहून नाजूक आहे. त्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याच्या शेवटी फाइलचा क्रमांक होता आणि क्रमांक बदलला की दुसऱ्याची कागदपत्रं उघडत होती. हा दोष नवा नाही. मे २०१९ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी उघड केलं की, 'फर्स्ट अमेरिकन' या मोठ्या अमेरिकी टायटल विमा कंपनीच्या संकेतस्थळावर पत्त्यातला आकडा बदलून, लॉगिन न करता, २००३ पासूनचे सुमारे ८८.५ कोटी दस्तऐवज बघता येत होते. बँक खात्यांचे क्रमांक, गहाणखतं, सगळं. कंपनीच्या सुरक्षा विभागाला हा दोष काही महिने आधीच सापडला होता, पण वरिष्ठांपर्यंत तो पोहोचलाच नाही, असं अमेरिकी नियामकांनी पुढे नोंदवलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने या प्रकरणी १० लाख डॉलरचा दंड केला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून लॉगिन झालेल्या माणसाला हीच फाइल बघायचा अधिकार आहे का, हे प्रत्येक मागणीला सर्व्हरवर तपासायचं. क्रमांक लांबलचक आणि अंदाज न येणारा केला तरी ही तपासणी टळत नाही. आणि आधारच्या प्रतींनी भरलेला डेटाबेस चाचणीसाठी लॅपटॉपवर उतरवायचा नाही.

मराठी नावांचा वेगळा त्रास आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि काना-मात्राही त्यात वेगळे मोजले जातात. 'ग्रामपंचायत' एवढ्या शब्दाला ३३ बाइट लागतात. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा सहसा २५५ बाइटांची, म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं. त्यामुळे डिस्कवर फाइल ठेवताना तिला क्रमांकाचं नाव द्यावं आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये जपावं. उतरवताना ते नाव २०११ च्या आरएफसी ६२६६ मधल्या पद्धतीने सांकेतिक करून पाठवलं, तर ब्राउझरमध्ये प्रश्नचिन्हांची रांग दिसत नाही. फाइलचा प्रकार सर्व्हरने स्वतः ठरवून सांगावा आणि ब्राउझरला अंदाज करू देऊ नये.

बॅकअप घ्या, हे सगळेच सांगतात. परत भरून बघा, हे कमी जण. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप शोधला तर तो तयारच होत नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता आणि बॅकअपचं साधन ९.२ चं. अपयश कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने घेतलेली होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर केलं, याचं तिला कौतुक वाटतं. तिच्या वाट्याला आलेल्या कंपनीने एक ओळ लिहून हात झटकले.

दुसऱ्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर ताब्यात घेताना आता ती कराराआधीच एक अहवाल मागते. रकान्यांचे प्रकार, फाइलींच्या लांबीची यादी, नमुन्याच्या फाइली उतरवून, उघडून बघितल्याची नोंद आणि त्रुटी सापडल्या तर त्या जुन्या आहेत हे लिहून. त्यावर संस्थेची आणि आधीच्या कंपनीची सही असल्याशिवाय ती सर्व्हरला हात लावत नाही. दोन संस्थांनी या अटीवरून काम दुसऱ्याला दिलं. तिने अट बदललेली नाही.