गरोदर स्त्री आणि उज्जैनची यात्रा

शिप्रेच्या काठी वसलेल्या उज्जैनशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आजही महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबे तेथे दर्शनास जातात. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे असा ऐन उन्हाळ्यात झाला. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये भरावयाचा आहे. घरातील लेक वा सून गरोदर असल्यास तिने जावे की नाही, हा प्रश्न श्रद्धेइतकाच दोन जिवांच्या सुरक्षिततेचा होय.

प्रवासास चौथा ते सहावा महिना त्यातल्या त्यात सोयीचा असतो. रक्तदाब, रक्तस्राव किंवा पूर्वीच्या अकाली प्रसूतीचा त्रास असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून निघू नये. आठव्या-नवव्या महिन्यात दूरची यात्रा टाळणेच इष्ट. परदेशी जाणाऱ्या स्त्रियांनाही हाच नियम लागू आहे. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचा दाखला मागतात व ३६ आठवड्यांनंतर प्रवासास मनाई करतात.

निघण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. माता व बालसंरक्षण कार्ड, लोहाच्या गोळ्या आणि जलसंजीवनीची पाकिटे जवळ असावीत. गरोदरपणात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. यास्तव गाडीत एकाच जागी तासन् तास बसू नये, दर एक-दोन तासांनी उठून चार पावले चालावे. मोटारीतील पट्टा पोटावरून न घेता ओटीपोटाखालून घ्यावा.

सर्वांत मोठी दक्षता पाण्याची. दूषित पाण्यातून पसरणारी ‘ई’ प्रकारची कावीळ इतरांना बहुधा आपोआप बरी होते. परंतु गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत ती झाल्यास शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रियाही दगावू शकतात. म्हणून उकळून गार केलेले पाणीच प्यावे. नदीचे पाणी तीर्थ म्हणूनही प्राशन करू नये. ते मस्तकी लावल्याने भक्तीत उणेपणा येत नाही. उघड्यावरील चिरलेली फळे व बर्फ वर्ज्य करावा. दुपारच्या उन्हात व दाट गर्दीत रांगेत उभे राहू नये.

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, ताप, पोटात कळा अथवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच दर्शन बाजूस ठेवून रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत मिळते.

शिक्षक, आशाताई व ग्रामसेवक यांनी ही माहिती घरोघरी, विशेषतः सासूबाईंपर्यंत, पोहोचवावी. महाकालाचे दर्शन बाळाला घेऊनही घडेल.