‘विचित्र’ला इंग्रजीत काय म्हणावे?



इंग्रजीच्या पेपरात ‘स्ट्रेंज’ या शब्दाचा अर्थ विचारला की आपण डोळे झाकून ‘विचित्र’ असे लिहितो. ‘ऑड’चा विचारला तरी विचित्र, ‘पिक्युलिअर’चा विचारला तरी विचित्र, आणि ‘क्विअर’, ‘वीअर्ड’, ‘बिझार’ यांचेही तेच. गाईडात तसेच छापलेले असते, गुणही मिळतात. खरी पंचाईत उलट बाजूने होते. मनात ‘विचित्र’ हा एकच शब्द असतो आणि लिहायचे असते इंग्रजीत. अशा वेळी या सहा-सातांपैकी कोणता उचलावा?

आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकुनीला लागलो. परंतु या शब्दांपैकी एकाने आम्हास असे काही शिकविले, की तेव्हापासून शब्दकोश हाताशी ठेवण्याची सवय लागली.

नोकरीची सुरुवातीची वर्षे होती. एका वृद्ध खातेदार बाईंची विड्रॉल स्लिप, पासबुक आणि पत्र घेऊन एक तरुण आमच्या काउंटरवर आला. बाई दवाखान्यात होत्या. सही थोडी हललेली होती, म्हणून साहेबांनी वरच्या ऑफिसला विचारून घ्या असे सांगितले. पत्राचा मसुदा आम्ही केला. ‘स्लिप आणणारा इसम आमच्या ओळखीचा नाही’ एवढेच कळवायचे होते. आम्ही लिहिले, ‘अ स्ट्रेंज मॅन’. वरून उलट विचारणा आली, की सदर इसमाच्या वागण्यात नेमके काय संशयास्पद आढळले, ते सविस्तर कळवावे. खुलासा जाऊन उत्तर येईपर्यंत चार दिवस गेले. तो बाईंचा सख्खा भाचा होता. चारही दिवस तो सकाळी येऊन बाकावर बसे आणि दुपारी उठून जाई. आम्ही ‘स्ट्रेंजर’ लिहिले असते तर हे घडले नसते. एका ‘र’ने त्या पोराला संशयित करून ठेवले.

त्यानंतर आम्ही शब्दकोशात पाहिले. ‘स्ट्रेंज’चे मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तेथे त्याचा अर्थ ‘बाहेरचा’. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तोही परक्या मुलखाचा या अर्थाने. पुढे जे बाहेरचे ते अनोळखी, आणि जे अनोळखी ते चमत्कारिक, असा तो सरकत गेला. जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘स्ट्रेंज टाउन’ म्हणजे विचित्र गाव नव्हे, नवखे गाव. ‘स्ट्रेंजर’ तर निव्वळ अनोळखी माणूस. तो कितीही सरळ असू शकतो.

याच घरातले आणखी शब्द पाहा. ‘फॉरिन’चे मूळ ‘दाराबाहेर’ या अर्थाचे आहे. ‘एलिअन’ म्हणजे मुळात ‘दुसऱ्याचा’. मुलांना सिनेमातला परग्रहावरचा एलिअन ठाऊक असतो, पण कायद्याच्या भाषेत दुसऱ्या देशाचा नागरिकही एलिअनच. ‘आउटलॅंडिश’ म्हणजे परमुलखातला, आणि आता अगदीच भलतासलता. एकंदरीत इंग्रजीतले पुष्कळसे नवल उंबऱ्याच्या पलीकडे उभे आहे. मराठीतल्या ‘विचित्र’ला असा उंबरा नाही. त्यात ‘चित्र’ आहे, रंगीबेरंगीपणा आहे. ‘विलक्षण’ म्हणजे ज्याची लक्षणे वेगळी तो, आणि तो बहुधा कौतुकाचाच शब्द. ‘विलक्षण बुद्धिमत्ता’ याचे भाषांतर ‘स्ट्रेंज इंटेलिजन्स’ असे केले तर मुलाचे कौतुक राहील बाजूला. तेथे ‘रिमार्केबल’ हवा.

आणि अनोळखी माणसाला आपल्या कोल्हापुरात काय म्हणतात? एसटी स्टँडवर कोणीही नवखा दिसला की ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ अशी सुरुवात होते. ओळख नसलेला तो पाहुणा! गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘गेस्ट’ आणि लॅटिनमधला शत्रूवाचक शब्द हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले आहेत. त्या लॅटिन शब्दावरूनच इंग्रजीत ‘हॉस्टाइल’ आला. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला पाट द्यायचा की काठी दाखवायची, हा प्रश्न भाषेइतकाच जुना दिसतो. असो.

‘ऑड’ हा आमच्या रोजच्या वापरातला शब्द. त्याचा मूळ अर्थ त्रिकोणाचे टोक, म्हणजे दोघांच्या जोडीबाहेर उरलेला तिसरा. त्यावरून विषम संख्या ऑड. ‘फिफ्टी-ऑड’ म्हणजे पन्नास आणि वर काही. सटरफटर कामे ती ‘ऑड जॉब्स’. एका पायात काळा मोजा आणि दुसऱ्यात निळा, तर ते ‘ऑड सॉक्स’. तेव्हा जे जुळत नाही, जोडीला बसत नाही, ते ऑड. दिवसाच्या हिशोबात वीस रुपयांचा फरक निघाला तर ते ऑड. त्यात भीती किंवा परकेपणा नाही, थोडा वैताग मात्र आहे.

‘पिक्युलिअर’मध्ये विद्यार्थी हमखास फसतात. या शब्दाच्या मुळाशी स्वतःच्या मालकीची मिळकत आहे, आणि त्याच्याही मागे गुरेढोरे आहेत, कारण जुन्या काळी तीच मिळकत. म्हणून ‘पिक्युलिअर टू’ असे आले की अर्थ ‘फक्त त्याचा, खास त्याचा’. तांबडा-पांढरा रस्सा कोल्हापूरला ‘पिक्युलिअर’ आहे असे कोणी लिहिले तर रागावू नये. तो रश्श्याला विचित्र म्हणत नाही, खास आपला म्हणतो आहे. ‘टू’ नसेल तर मात्र काहीतरी खटकणारे, वेगळाच वास येणारे असा अर्थ होतो.

‘एक्सेन्ट्रिक’ हा शब्द उद्यमनगरातल्या कारागिरांना आपल्या आधी समजतो. यंत्रात मध्य सोडून फिरणारा भाग तो एक्सेन्ट्रिक. मूळ ग्रीक अर्थही ‘केंद्राबाहेरचा’ असाच. माणसाला लावला की तऱ्हेवाईक, लहरी. येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. हा शब्द बहुधा सुखवस्तू माणसाच्या वाट्याला येतो. तसेच वागणाऱ्या गरिबाला कोणी एक्सेन्ट्रिक म्हणत नाही, सरळ वेडा म्हणून मोकळे होतात.

‘क्युरिअस’ दुतोंडी आहे. माणूस क्युरिअस म्हणजे जिज्ञासू, वस्तू क्युरिअस म्हणजे नवलाची. न्यू पॅलेसचे म्युझियम पाहायला गेलेला मुलगा आणि तेथली एखादी वस्तू, दोघांनाही हा शब्द चालतो. ‘वीअर्ड’ जुन्या इंग्रजीत दैव, प्राक्तन या अर्थी होता. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींमुळे तो पुढे गूढतेकडे वळला, आणि आता कॉलेजची मुले न आवडलेल्या चहालाही वीअर्ड म्हणतात. ‘अनकॅनी’ मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. ज्याने अंगावर काटा येतो आणि का ते सांगता येत नाही, ते अनकॅनी. वारलेल्या माणसाचा हुबेहूब आवाज शेजारच्या खोलीतून यावा, तसे.

‘क्विअर’बाबत सावधगिरी हवी. जुन्या कोशांत त्याचा अर्थ विचित्र असाच दिलेला आहे. कर्जात बुडालेला माणूस ‘क्विअर स्ट्रीट’मध्ये गेला असेही म्हणत, आम्हा बँकवाल्यांना ती गल्ली परिचयाची. परंतु विसाव्या शतकात हा शब्द समलिंगी व्यक्तींना शिवी म्हणून वापरला गेला, आणि १९९० च्या सुमारास त्यांच्यातल्याच अनेकांनी तो उचलून स्वतःचे नाव म्हणून मिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला, तेव्हा हा शब्द आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही पुष्कळदा आला. म्हणून निबंधात ‘आमचे सर क्विअर आहेत’ असे विचित्र या अर्थाने लिहू नये.

आता पुन्हा ‘स्ट्रेंज’कडे. बाबासाहेबांची ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही आठवणींची इंग्रजी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली प्रसिद्ध केली, आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील १२ व्या खंडातही ती आहे. परदेशी वाचकांना अस्पृश्यता कळावी म्हणून ती लिहिलेली आहे. तिच्यातली पहिली आठवण १९०१ सालची, मसूर स्टेशनवरची. आपल्या पुणे-कोल्हापूर लोहमार्गावर कराडच्या अलीकडे हे स्टेशन आजही लागते. वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघालेली मुले, अंगावर चांगले कपडे, न्यायला कोणी आलेले नाही. स्टेशनमास्तर आधी आस्थेने चौकशी करतात. मुलांच्या तोंडून जात कळताच त्यांचा चेहरा बदलतो. त्या क्षणी त्यांच्या मनात जी शिसारी आली, तिला बाबासाहेबांनी विशेषण दिले आहे ‘स्ट्रेंज’.

विद्यार्थ्यांनी हे पान मूळ इंग्रजीत काढून मोठ्याने वाचावे. त्या फलाटावर अनोळखी होती ती मुले. रूढ वापराप्रमाणे स्ट्रेंजर तीच. पण शब्द मुलांना लागलेला नाही, मास्तरांच्या मनातल्या भावनेला लागला आहे. बाहेरची आहे ती ती भावना.

मग त्या जागी इतर शब्द घालून पाहावेत. ‘ऑड’ घातला तर हिशोबातल्या वीस रुपयांसारखी किरकोळ चूक वाटते. ‘क्युरिअस’ घातला तर मौज वाटते. ‘पिक्युलिअर’ घातला तर ती एकट्या मास्तरांची, त्यांच्या खासगी मालकीची गोष्ट होऊन बसते. आणि पुढच्याच मजकुरात स्टेशनबाहेरचे गाडीवान दुप्पट भाडे मिळत असतानाही त्या मुलांना गाडीत घेऊन गाडी हाकायला तयार होत नाहीत.