खरे बळ कशात?

१९५९ साली अमेरिकेत तयार झालेली शेव्हरोले बेल एअर ही मोटार मोठी डौलदार होती. तिचा लांबरुंद बांधा, चकाकणाऱ्या पट्ट्या आणि मागे पंखांसारखे पसरलेले पत्रे पाहून लोकांचे डोळे दिपत. अशा धिप्पाड गाडीपुढे आजची नाजूक दिसणारी गाडी टिकणार नाही, असे कोणासही वाटावे.

या समजुतीची परीक्षा २००९ साली अमेरिकेतच झाली. रस्त्यांवरील अपघात कमी व्हावेत म्हणून विमा कंपन्यांनी काढलेल्या एका संस्थेने जुनी बेल एअर आणि त्याच कंपनीची २००९ सालची मॅलिबू या दोन गाड्यांत मानवाकृती पुतळे बसविले व ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने त्यांची समोरासमोर टक्कर घडविली.

बेल एअरमधील चालकाची जागाच चेपून गेली. तेथे माणूस असता, तर त्याचे प्राण वाचले नसते. मॅलिबूचा पुढचा भाग चुरगळला; परंतु आतील बैठक शाबूत राहिली. तिच्यातील चालकाच्या केवळ पायास दुखापत झाली असती.

असे का घडले? नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दामच दुमडेल असा घडविलेला असतो. तो स्वतः चुरगळतो आणि धक्क्याचा जोर आपल्यातच जिरवितो. शिवाय पट्टा व हवेची पिशवी माणसाला सावरून धरतात. बेल एअरमध्ये ही साधने नव्हती.

गाडीचे खरे बळ तिच्या डौलावरून कळत नाही. आतील माणूस सुखरूप घरी पोहोचतो की नाही, यावरून ते ठरते.