काउंटरच्या दोन्ही बाजूंना मीच

त्या दिवशी आमच्या गल्लीत पाण्याचा वार होता. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. कित्येक दिवसांनी नळ येतो आणि तेवढा वेळ घरातला प्रत्येक जण पाण्याचा नोकर असतो. एका हातात मोटारीचा पाइप, खांदा आणि कान यांच्यात दाबलेला मोबाइल, अशा अवस्थेत मी तो फोन घेतला. नोव्हेंबर 2025, सकाळचे अकरा.

“साहेब, नमस्कार. पेन्शन विभागातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला परत आलाय.”

दाखला मी चार दिवसांपूर्वीच दिला होता. “हो, पण बँकेत पत्ता औरंगाबाद आहे आणि आधारवर छत्रपती संभाजीनगर. नाव जुळत नाही. 30 तारखेच्या आत दुरुस्त नाही झालं तर पेन्शन थांबेल.”

मला हे लगेच पटलं. 2023 मध्ये शहराचं नाव बदललं तेव्हापासून पाट्या बदलताना पाहत होतो. जेमतेम महिन्यापूर्वी रेल्वे स्टेशनचंही नाव बदललं होतं. घरातल्या कागदांत तर कुठे हे नाव, कुठे ते. कधीतरी हे निघणारच होतं, असं मनात आलं. चोराने माझ्या मनातली शंका शोधून तिच्यावरच खुंटी ठोकली होती.

व्हॉट्सअॅपवर एक फाइल आली. उघडताना फोनने सावध केलं. तो म्हणाला, “ते सगळ्यांनाच येतं साहेब, अलाऊ करा.” मी केलं. वर ओळखीचं बोधचिन्ह, खाली फॉर्म. ड्रम भरत आला होता, बायको आतून हाका मारत होती. त्या गडबडीत मी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पिन भरून टाकला. शेवटी तो अगदी काळजीने म्हणाला, “आणि हो साहेब, ओटीपी कुणालाही सांगू नका हं.”

मी सांगितला नाहीच. त्याला तो विचारायची गरजच नव्हती. ‘अलाऊ’ म्हणताना मी त्या फाइलला माझे एसएमएस वाचायची परवानगी दिली होती. त्यानंतर बँकेचा प्रत्येक संदेश माझ्याआधी त्याच्याकडे जात होता आणि माझ्या फोनवर काहीच दिसत नव्हतं.

आता लाजेची गोष्ट सांगतो. मी 1981 ते 2015 अशी 34 वर्षं बँकेत काढली आहेत. त्यातली बरीच कॅश काउंटरवर.

संध्याकाळी भाजीवाल्याला मेथीचे 40 रुपये यूपीआयने दिले. दिवसाअखेर शिल्लक ताडून पाहायची जुनी खोड, म्हणून रात्री सातला खातं बघितलं. 37,600 असायला हवे होते. दिसत होते 49,600. दुसरा कुणी खूश झाला असता. पण कॅश जास्त भरली तर ती कमी भरण्याइतकीच वाईट, हे कॅशियरच्या हाडात मुरलेलं असतं. कुठेतरी चूक आहे एवढाच त्याचा अर्थ. खातेउतारा उघडला. दुपारी माझी दोन लाखांची मुदत ठेव मोडलेली होती. ती रक्कम बचत खात्यात आली होती आणि तिथून 99,000 आणि 89,000 अशा दोन हप्त्यांत बाहेर गेली होती.

त्या क्षणी फोन करायला हवा होता. मी मात्र ओट्यावर जाऊन बसलो. पोरगं काय म्हणेल? कट्ट्यावरचे जुने सहकारी काय म्हणतील? आयुष्यभर लोकांना शहाणपण सांगणारा बँकेतला माणूस स्वतः फसला! त्या तासाभरात उरलेल्यांतले 49,000 सुद्धा गेले. चोराला घाई नव्हतीच. घाई त्याने फक्त मला करायला लावली होती.

आठ वाजता मुलाने त्याच्या फोनवरून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक लावला. पुढच्या चौकशीत जे कळलं ते प्रत्येकाने लक्षात ठेवावं. शेवटचे 49,000 पहिल्याच खात्यात अडवले गेले आणि पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. दुपारचे 1,88,000 तोवर एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पांगले होते. ते अजून मिळालेले नाहीत. तासापूर्वीचे पैसे सापडले, सात तासांपूर्वीचे नाहीत.

नंतर कितीतरी रात्री मी एकच विचार करत राहिलो. माझ्या काळात हे का झालं नसतं?

तेव्हा चेक दिला की पितळी टोकन मिळायचं. क्लार्क लेजरला नोंद करायचा, अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पास करायचा, मग कॅशियर टोकनचा आकडा पुकारून नोटा दोनदा मोजायचा. गिऱ्हाईक वैतागायचं, घड्याळाकडे बघायचं. मुदत ठेव मोडायची तर पावतीच्या मागे रेव्हेन्यू तिकिटावर सही लागायची. आणि म्हातारा माणूस मुदतीआधी पावती घेऊन आला की आमचा कुणीतरी विचारायचाच, “का हो काका, कशाला मोडताय? घरात सगळं ठीक ना?” हा प्रश्न कुठल्या नियमावलीत नव्हता. पण त्या एका प्रश्नाने किती ठेवी वाचल्या, ते मी पाहिलं आहे.

त्या माणसांनी आणि त्या वेळखाऊपणानेच गिऱ्हाइकाचं रक्षण केलं होतं. आज मोबाइलवर पिन दाबताना गिऱ्हाईकही मीच, क्लार्कही मीच, पास करणारा अधिकारीही मीच आणि पैसे मोजून देणारा कॅशियरही मीच. माझी ठेव मोडली गेली तेव्हा “का हो काका” विचारायला कुणीच नव्हतं.

याचा अर्थ जुनंच बरं होतं, असा नाही. हयातीच्या दाखल्यासाठी अर्धांगवायू झालेल्या पेन्शनरांना नातेवाईक रिक्षात घालून बँकेच्या दारात आणायचे आणि आम्ही बाहेर जाऊन ‘जिवंत आहेत’ म्हणून सही घ्यायचो. त्यांच्या डोळ्यांतली ओशाळवाणी नजर मला अजून आठवते. नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ आलं, पुढे नुसता चेहरा दाखवून घरबसल्या दाखला मिळू लागला. हे फार मोठं काम झालं. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट 2025 या एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त व्यवहार झाले. गुलमंडीतला पानवालाही आता सुट्ट्या पैशांसाठी अडत नाही.

पैशाचं रूप बदललं की फसवणुकीचं रूपही बदलतं, एवढंच. निजामाच्या राज्यात आमचे आजोबा निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये वापरत. साधारण 7 हालीला 6 कलदार. ज्याला तो हिशेब जमत नसे, त्याला बट्ट्यात गंडवणारे तेव्हाही होते. आजोबा हिशेब शिकले. आपल्यालाही शिकायला हवा. मी जो शिकलो, तो असा.

फोनवर आलेली फाइल कधीही उघडू नका. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर नाहीच नाही, मग ती लग्नपत्रिका असो, वाहतुकीचं चलन असो की वीजबिल. बँक व्हॉट्सअॅपवर अॅप पाठवत नाही. अॅप घ्यायचं ते फोनमधल्या अधिकृत स्टोअरमधूनच. बँकांच्या संकेतस्थळांचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो. वेगळं काही दिसलं की तिथेच थांबा.

पिन लागतो तो पैसे देताना, काढताना किंवा शिल्लक बघताना. पैसे घेण्यासाठी, दाखल्यासाठी किंवा पत्ता बदलण्यासाठी कुणी पिन मागितला की समोर चोर आहे, हे पक्कं समजा.

फोन ठेवा आणि शाखेत जा. “मी उद्या शाखेत येऊन करतो” हे वाक्य पाठ करा. खऱ्या बँकवाल्याला त्याने काही फरक पडत नाही. खोटा लगेच घाबरवायला लागतो. पेन्शन एका दिवसात कधीच थांबत नाही, हे मी 34 वर्षांच्या नोकरीवरून सांगतो.

दारं लावून घ्या. पेन्शन आणि ठेवी एका खात्यात, रोजच्या खर्चाचं खातं वेगळं. यूपीआय जोडायचं ते फक्त खर्चाच्या खात्याला. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करायची आणि मर्यादा घालायची सोय बँकांना द्यावीच लागते, ती वापरा. मुदत ठेव ऑनलाइन मोडता येऊ नये अशी व्यवस्था आहे का, हे शाखेत विचारा.

घडलंच, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून 1930 लावा, मग बँकेला कळवून खातं आणि कार्ड गोठवा. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवा, सायबर पोलीस ठाण्यात जा. तो फोन जाणकाराकडून साफ करून घेतल्याशिवाय वापरू नका. लाज वाटेल. ती नंतर वाटून घ्या, आधी फोन करा.

नियम माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये आणलेल्या नियमांनुसार चूक बँकेचीही नसेल आणि तुमचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भार येत नाही. चूक तुमची असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ हाच तुमचा पुरावा. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

घरातल्या तरुण पोरांनाही एक सांगा. चार-पाच हजारांसाठी आपलं खातं ‘वापरायला’ देऊ नका. माझे पैसे ज्या खात्यांतून पांगले, तसली खाती अनेकदा अशी भाड्यानेच घेतलेली असतात. चोर पसार होतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

आमच्या घरात आता दोन सह्यांचा नियम आहे. पाच हजारांवरचा कुठलाही व्यवहार करायचा तर आधी दुसऱ्याला मोठ्याने सांगायचं. कुणाला, किती आणि कशाला. मध्ये निदान एक चहा होऊ द्यायचा. मुलगा हसतो. पण परवा त्याला गाडीच्या ‘चलना’ची फाइल आली तेव्हा तो फोन घेऊन आधी माझ्याकडे आला.

आणि पाण्याच्या वारी मी फोन घेत नाही. गेल्या आठवड्यात एका नातेवाइकाला आठ हजार पाठवायचे होते. मी मोबाइल काढला तशी बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, “का हो, कशाला पाठवताय? फोन करून विचारलंत का त्यांना?”

मी विचारलं. मग तिने मान हलवली आणि व्यवहार पास झाला.